पवनारचा राजवाडा : एक अभ्याससहल

वर्धा जिल्हा म्हटला की महात्मा गांधी आणि आचार्य विनोबा भावे ही दोन नावे ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु या भूमीचा इतिहास सेवाग्रामच्या कुटीपासून सुरू होत नाही. ज्या धाम नदीच्या काठी विनोबांनी अखेरचा श्वास घेतला, त्याच काठावर सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी एका बलाढ्य राजवंशाची राजधानी नांदत होती, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तो राजवंश म्हणजे वाकाटक, ती राजधानी म्हणजे प्रवरपूर, आणि प्रवरपूर म्हणजे आजचे पवनार, हे समीकरण आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याला पुरावा काय, हे विचारण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात तो प्रश्न विचारण्याचा माझा प्रयत्न आहे. आमच्या इतिहासाच्या वर्गाची सहल पवनारला व परिसरातील स्थळांना गेली, तेव्हा जे पाहिले आणि पुढे ग्रंथालयात बसून जे वाचले, त्याचा हा मेळ आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. पवनारला राजवाडा पाहायला जाणाऱ्याला तेथे राजवाडा दिसत नाही. कमानी नाहीत, दरबाराचे दालन नाही, राणीवशाच्या भिंती नाहीत. आहे ती नदी, काळा पाषाण, आश्रम, गाव आणि गावाखालची पांढरी. तरीही राजवाडा अभ्यासायला याहून चांगली जागा मिळणे कठीण आहे, असे माझे मत झाले. उभा वाडा आपल्याला आयते उत्तर देतो. न दिसणारा वाडा मात्र इतिहास कसा सिद्ध करतात, हे शिकवतो.

धामच्या काठी

वर्धा शहर तसे अलीकडचे. इंग्रजी अमलात जिल्हा निर्माण झाल्यावर त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या लहानशा खेड्यात आणले गेले आणि त्याभोवती आजचे वर्धा वसले. पवनार मात्र फार जुने. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर गेले की धाम नदीचा पूल लागतो. नदीच्या पात्रात काळ्या खडकांच्या पायऱ्याच पायऱ्या आहेत. त्यांच्यामधून पाणी वाट काढत जाते. पात्रातच गांधीजींची छत्री आहे. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी बापूंच्या अस्थींचे येथे विसर्जन झाले, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ सर्वोदयाची माणसे येथे जमू लागली.

पैलतीराच्या उंचवट्यावर परंधाम आश्रम आहे. धामच्या पलीकडचे म्हणून परंधाम! विनोबांची शब्दांशी खेळण्याची हौस या नावातही दिसते. मार्च १९३८ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे ते येथे जमनालालजी बजाज यांच्या बंगल्यात राहावयास आले. वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून १९४० च्या ऑक्टोबरात त्यांनी पवनारलाच भाषण केले. १९५९ मध्ये येथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी येथेच त्यांनी देह ठेवला.

नदीकाठची ही जागा नीट न्याहाळली तर राजधानीला ती साजेशी का वाटते, हे उमगते. बारमाही पाण्याची सोय, पुरापासून सुरक्षित उंचवटा, भोवती कापसाजोगी काळीभोर जमीन. मोगल काळातही या जागेचे महत्त्व ओसरले नव्हते. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे, तीत पवनारचे नाव येते, म्हणजे आजच्या भाषेत ते जिल्ह्याचे ठाणे होते. तेथील किल्ल्याचाही त्या ग्रंथात उल्लेख आहे. एवढ्या जुन्या वस्तीत एखादा राजवाडा असणे संभवनीय खरे; पण संभवनीय म्हणजे सिद्ध नव्हे.

‘मग राजवाडा नेमका कोठे होता?’ हा प्रश्न आमच्यापैकी एकाने तेथेच विचारला, आणि त्या एका प्रश्नाने सहलीचा रोख ठरला.

ताम्रपटांची साक्ष

वाकाटकांविषयी आपल्याला जे कळते, त्यातील फार मोठा भाग ताम्रपटांवरून कळतो. राजाने ब्राह्मणाला किंवा देवस्थानाला गाव अथवा जमीन दिली की तिची सनद तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देत. पत्रे एका कडीत ओवीत व कडीला राजमुद्रा जोडीत. अक्षरे पेटिकाशीर्षक वळणाची, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी. आरंभी ‘दृष्टम्’ हा शब्द असतो. ‘पाहिले’ असा त्याचा अर्थ. आजच्या कचेरीतील शेऱ्यासारखाच म्हणा ना! त्यानंतर सनद कोठून दिली त्या स्थळाचे नाव, मग राजाची वंशावळ, मग दिलेल्या गावाच्या चतुःसीमा आणि शेवटी राज्यवर्ष.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे स्थळाचे नाव. वाकाटक वंशाची मुख्य शाखा आरंभी नंदिवर्धन येथून राज्य करीत होती. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. या शाखेतील दुसऱ्या रुद्रसेनाचा विवाह गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिच्याशी झाला. रुद्रसेन अकाली वारला आणि मुले लहान असल्यामुळे प्रभावतीने स्वतः राज्यकारभार चालविला. तिचा धाकटा पुत्र दुसरा प्रवरसेन. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात तो राज्य करीत होता. महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे रामकथेवरील महाकाव्य त्याच्या नावावर आहे, आणि बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त त्याच्या कीर्तीचा गौरव केला आहे.

या प्रवरसेनाचे राज्यवर्ष २ मधील ताम्रपट आपल्याच जिल्ह्यातील जांब येथे सापडले. ते नंदिवर्धनाहून दिलेले आहेत. आपल्याच जिल्ह्यातील बेलोरा येथील वर्ष ११ च्या सनदाही नंदिवर्धनाच्याच. परंतु अचलपूरजवळच्या चम्मक येथे मिळालेली वर्ष १८ ची सनद प्रवरपूरहून दिलेली आहे. म्हणजे ११ आणि १८ या राज्यवर्षांच्या दरम्यान केव्हातरी प्रवरसेनाने राजधानी हलविली आणि नव्या नगराला स्वतःचे नाव दिले. तीन गावांच्या शेतात व घरात राहिलेल्या पत्र्यांवरून एका राजधानीच्या स्थलांतराचा काळ सात वर्षांच्या आत आणून ठेवता येतो, हे मला फार विलक्षण वाटते.

जांबच्या ताम्रपटात दान दिलेल्या कोथुरक गावाच्या चतुःसीमा आहेत. त्यांतील मांडुकिग्राम म्हणजे आजचे मांडगाव, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखविले. पंधराशे वर्षे झाली, राजे गेले, भाषा पालटली. पण गावाचे नाव थोडेसे झिजून तसेच राहिले. आपल्या वर्गात त्या भागातून येणारे मित्र आहेत. आपले गाव गुप्तकाळातील सनदेत शेजारी म्हणून नोंदले गेले आहे, याचा त्यांनी अभिमान बाळगायला हरकत नाही.

मिराशींचा तर्क

प्रवरपूर म्हणजे पवनार, हे मत मिराशींचे. वाकाटकांचे कोरीव लेख संपादून त्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी १९५७ मध्ये ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा ग्रंथ मराठीत लिहून आपल्यासारख्या वाचकांची त्यांनी मोठी सोय केली. त्यांच्या मताला तीन आधार होते.

पहिला आधार नावाचा. प्रवरपूर या शब्दाचे प्राकृतात झिजत झिजत पवनार होऊ शकते, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पटण्यासारखे आहे. दुसरा आधार जागेचा. पवनार हे प्राचीन स्थळ असून तेथे जुने अवशेष विपुल मिळतात. तिसरा आधार शिल्पांचा. आश्रमाच्या आवारात मिळालेल्या शिल्पपट्टांत मिराशींना रामकथेतील प्रसंग दिसले. प्रभावतीगुप्ता वैष्णव होती. तिच्या रिद्धपूर ताम्रपटात रामगिरीच्या स्वामींचा, म्हणजे रामटेकच्या देवाचा, उल्लेख आहे. तिच्या मुलाच्या नावावर रामाचे महाकाव्य आहे. अशा माता-पुत्रांनी आपल्या नव्या राजधानीत रामाचे मंदिर उभारले असावे, आणि ही शिल्पे त्याच मंदिराची, असा हा तर्क.

तर्क देखणा आहे यात शंका नाही. नाव, जागा आणि शिल्प ही तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवितात. पण न्यायालयात तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले तरी त्यांची उलटतपासणी चुकत नाही. इतिहासातही ती चुकवू नये.

कुदळीची साक्ष

१९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले. पांढरीत खोल चर घेऊन एकाखाली एक थर मोकळे केले गेले. वाकाटकांच्या कितीतरी आधीपासून, सातवाहनांच्याही पूर्वीपासून येथे माणसे राहत होती, आणि वाकाटक काळातही वस्ती होती, हे त्यावरून दिसले. म्हणजे मिराशींचा दुसरा आधार कुदळीने पक्का केला. मात्र राजवाडा म्हणून बोट ठेवावे, असे काही त्या चरांनी हाती दिले नाही. यात नवल नाही. चर म्हणजे ताटातील एक घास. साऱ्या गावाखालची पांढरी खणणे कोणालाच शक्य नसते, कारण तिच्यावर माणसांचे संसार उभे असतात.

दरम्यान दुसरीकडे कुदळ चालू लागली. रामटेकच्या पायथ्यापासून थोड्या अंतरावर नागपूर-जबलपूर रस्त्यावर मनसर आहे. तेथील हिडिंबा टेकडीवर आणि परिसरात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात व या शतकाच्या आरंभी मोठी उत्खनने झाली. जगत् पती जोशी आणि ए. के. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखालील उत्खननात टेकडीवर विटांचे भव्य देवस्थान उघडे पडले. जवळच तटबंदीयुक्त अशी विटांची विस्तीर्ण वास्तू निघाली, आणि तिला उत्खननकर्त्यांनी राजवाडा म्हटले. शिवाय ‘प्रवरेश्वर’ हे नाव असलेली मुद्रा मिळाली. प्रवरेश्वर म्हणजे प्रवरसेनाच्या नावाने स्थापिलेला शिव. नेदरलँड्सचे हान्स बेकर आणि आपल्या नागपूरचे अजय मित्र शास्त्री यांच्यासारख्या अभ्यासकांचा कल त्यामुळे मनसरच्या बाजूला झुकला. प्रवरपूर पवनारला नव्हते, ते मनसरला होते, असे हे मत आहे.

पुढे २०१५ नंतर नगरधनलाही डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले. तेथे प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, आणि नंदिवर्धन म्हणजे नगरधन या ओळखीला भक्कम बळ मिळाले. एका स्त्रीने राज्यकारभार केला, हे ताम्रपटांवरून माहीत होते. तिच्या नावाचा ठसा प्रत्यक्ष मातीत मिळाला.

आता पवनारकडे परत येऊ. मनसरची साक्ष बळकट आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही तिचीही उलटतपासणी हवी. मुद्रेवर देवाचे नाव आहे, नगराचे नाही. राजाने आपल्या नावाचे देवालय एका ठिकाणी बांधले म्हणून त्याची राजधानी तेथेच होती, असे निर्विवादपणे ठरत नाही. शिवाय मनसर हे नगरधनपासून हाकेच्या अंतरावर आहे. एवढ्या जवळ राजधानी हलविण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारू शकेल. त्यावर दुसरा म्हणेल, की नवा राजा नव्या देवाच्या पायाशी नवा वाडा बांधतो, त्याला कोसांचे अंतर कशाला हवे? वाद असा दोन्ही अंगांनी चालतो. माझ्यापुरते सांगायचे तर आज पारडे मनसरकडे झुकलेले आहे, असे मला वाटते. पण ते टेकलेले नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. वर्ध्याच्या मुलाने हे लिहावे काय, असे एका मित्राने मला विचारले. ‘आपली राजधानी आपणच नागपूर जिल्ह्याला देऊन टाकतोस!’ असा त्याचा आक्षेप. पण पवनारचे मोठेपण प्रवरपूर या एका शब्दावर अवलंबून आहे काय? सातवाहनांच्या आधीपासून मोगलांच्या पुढेपर्यंत सलग नांदलेली वस्ती, वाकाटक कलेतील उत्तम शिल्पे, आणि विसाव्या शतकातील एका महापुरुषाची तपोभूमी, एवढे ज्या गावापाशी आहे, त्याला उसन्या मुकुटाची गरज नाही. अभिमान पुराव्याच्या मागून चालावा. तो पुढे चालू लागला की इतिहासाची वाट चुकते.

शिल्पांपुढे

आश्रमातील शिल्पे हा या सहलीचा सर्वांत समृद्ध भाग. विनोबा येथे आले तेव्हा प्रकृतीसाठी रोज थोडे खणण्याचे काम करीत. खणता खणता शिल्पे निघू लागली. त्यांतील एका पट्टात त्यांना राम आणि भरत यांची भेट दिसली. विशेष म्हणजे त्याआधी, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना, या भेटीचे चित्र कोणी काढले तर किती बहारीचे होईल, अशी कल्पना त्यांनी बोलून दाखविली होती. तीच मूर्ती पुढे त्यांच्याच हाताने मातीतून वर आली! विनोबांनी ती ईश्वराचा प्रसाद मानून तेथे भरत-राम मंदिर केले. आजही आश्रमातील भगिनी तेथे प्रार्थना करतात.

अभ्यासकाची नजर त्याच शिल्पांकडे निराळ्या रीतीने पाहते. एका पट्टात दोघे झुंजताना दिसतात. मिराशींच्या मते ती वाली-सुग्रीवांची झुंज. इतर काही अभ्यासकांना या पट्टांत रामकथा न दिसता कृष्णकथा दिसली; त्यांच्या मते ती कंसाच्या आखाड्यातील मल्लयुद्धाची हकिकत. शिल्पावर नाव कोरलेले नाही, म्हणून अर्थ पाहणाऱ्याने लावायचा. आम्ही पट्टापुढे बराच वेळ उभे राहिलो, तेव्हा आमच्यातही दोन तट पडले.

परंतु हा वाद विनोबांच्या श्रद्धेला बाधक ठरत नाही, असे मला वाटते. भक्ताने त्या दगडात भरत-राम पाहिले, हा विसाव्या शतकाच्या इतिहासातील एक खरा प्रसंग आहे. पाचव्या शतकातील शिल्पकाराने काय कोरले, हा निराळा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्नांना आपापल्या जागी मान दिला, की भांडण उरत नाही.

पवन राजाचा परीस

ताम्रपट आणि उत्खनन यांच्याखेरीज पवनारला तिसरी एक साक्ष आहे, ती दंतकथेची. येथे पवन नावाचा राजा होता, असे सांगतात. त्याच्याजवळ परीस होता. तो रयतेकडून पैशांत सारा घेत नसे. शेतकऱ्याने नांगराचा झिजलेला फाळ आणून द्यायचा, राजा त्याला परीस लावून सोने करून घ्यायचा. पुढे शत्रू चालून आला तेव्हा परिसासह राजाने धामच्या डोहात उडी घेतली.

ताम्रपटांच्या वंशावळीत असा राजा नाही. म्हणून ही कथा टाकाऊ समजायची काय? मला तसे वाटत नाही. तिच्यात राजाचे नाव शोधू नये, रयतेचे मन शोधावे. साऱ्याच्या ओझ्याने वाकलेल्या कुणब्याने असा राजा कल्पिला, की ज्याला मोडका फाळ दिला तरी पुरे! सारा भरणाऱ्याचे हे स्वप्न कोणत्याही ताम्रपटात कोरलेले सापडणार नाही. कारण ताम्रपट देणाऱ्याने लिहिले, आणि दंतकथा भरणाऱ्याने सांगितली.

योगायोग असा, की ज्या काठावर सोन्याच्या परिसाची कथा सांगितली जाते, त्याच काठावर विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावाचून, स्वतःच्या श्रमावर जगण्याचा तो प्रयत्न होता. बैलही न वापरता हाताने शेती करण्याचा ऋषिशेतीचा प्रयोग त्याचाच भाग. फाळाचे सोने करणारा राजा आणि सोने दूर सारून कुदळ हाती घेणारा ऋषी, दोघेही एकाच मातीतले.

परिसरातील स्थळे

पवनारहून परतताना वर्धा आणि सेवाग्राम ही स्थळे पाहण्याचा क्रम सोयीचा पडतो. त्यांची सविस्तर माहिती सर्वांना आहे. मी केवळ आपल्या विषयाच्या अनुषंगाने लिहितो.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव या खेड्यात राहावयास आले. शेगाव नावाचे दुसरे प्रसिद्ध गाव असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले. बापूकुटी मुळात मीराबहेन यांची. माती, बांबू, कवेलू असे आसपास मिळणारे साहित्य. भिंतीवर मीराबहेननी मातीतच उठविलेली ताडाची झाडे आणि चरखा. प्रवरसेनाचा वाडा पक्क्या विटांचा असला पाहिजे. तो नाहीसा झाला. ही कुटी मातीची. ती उभी आहे. कारण काय? दर वर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर कोणीतरी तिची डागडुजी करते, कवेलू चाळते, भिंत सारवते. वास्तू विटेने टिकत नाही, राखणाऱ्या हाताने टिकते, हा धडा मला सेवाग्रामला मिळाला.

वर्धा शहरात मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. मगनलाल गांधींच्या नावे ते आहे. चरखे, घाण्या आणि ग्रामोद्योगाची साधने तेथे जपून ठेवलेली आहेत. राजांची शस्त्रे जपणारी संग्रहालये पुष्कळ असतात; कारागिरांची हत्यारे जपणारे विरळा. लक्ष्मीनारायण मंदिर बाहेरून पाहता इतर मंदिरांसारखेच. पण जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले, हा त्याचा खरा इतिहास आहे, आणि तो दगडावरून कळत नाही, कागदपत्रांवरून कळतो. गोपुरीतील गीताई मंदिर १९८० चे. त्याला छप्पर नाही; उभ्या शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत. ताम्रपटांच्या अभ्यासानंतर तेथे गेल्यावर मनात आले, की हजार वर्षांनी कोणी या शिळा उकरून काढील, तेव्हा त्याला मराठी भाषेचा केवढा ठेवा मिळेल! शेजारचा विश्वशांती स्तूप १९९३ चा. जपानच्या फुजी गुरुजींच्या प्रेरणेने तो उभा राहिला.

वेळ असेल तर नागपूरच्या रस्त्यावर केळझरही पाहावे. तेथील टेकडीवर गणपतीचे देवस्थान आहे. केळझर म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी, येथेच भीमाने बकासुराचा वध केला, अशी लोकसमजूत आहे. पवनारच्या पवन राजाप्रमाणेच हीही समजूत ऐकावी, जपावी. पण ताम्रपटाच्या पंक्तीला बसवू नये.

आपण काय करावे?

या सर्वांतून मला जो विचार सुचला तो असा. पुरावा आपोआप टिकत नाही; कोणाला तरी तो जपण्याची गरज वाटली म्हणून टिकतो. ताम्रपट टिकले, कारण ते जमिनीच्या मालकीचे कागद होते. घराण्यांनी ते पुरून, लपवून राखले. प्रभावतीगुप्तेचा एक प्रसिद्ध ताम्रपट पुण्यात एका तांबट घराण्याकडे मिळाला. भट्टीच्या दारापर्यंत गेलेले ते पत्रे वितळले असते, तर राणीच्या राज्यकारभाराचा एक मोठा आधार आपण गमावला असता. कुटी टिकली, कारण श्रद्धेने तिची राखण केली. आणि राजवाडा? राजवंश संपल्यावर त्याची राखण करणे हे कोणाचेच काम उरले नाही. त्याच्या विटा पुढच्या पिढ्यांच्या घरांत गेल्या असतील, त्याची माती शेतांत पसरली असेल.

हे अजूनही चालूच आहे. आपल्याकडे गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. पांढरी पांढरी का? शतकानुशतकांची चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडे, खापरे यांनी ती तशी होते. म्हणूनच ती सुपीक असते, आणि म्हणूनच गाडी भरभरून ती शेतात नेतात. जुन्या ओसाड गावांच्या रिठांवरही हेच घडते. कोणी पाप म्हणून हे करीत नाही. पिकाला चांगली म्हणून नेतो. पण एकेका गाडीबरोबर इतिहासाचे एकेक पान जाते, आणि एकदा विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही. प्रवरपूर पवनारला होते की मनसरला, याचे उत्तर कदाचित अशाच एखाद्या मुद्रेत असेल, आणि ती नखाएवढ्या मातीच्या गोळीहून मोठी नसेल.

महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी खेड्यांतून येतात. प्रत्येकाच्या गावी पांढरी आहे. अनेकांच्या शिवारात रीठ आहे. पिंपळाखाली शेंदूर माखलेले एखादे जुने शिल्प आहे. आपण उत्खनन करू शकत नाही आणि करूही नये. परवानगीवाचून खणणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. पण आपण नोंद करू शकतो. गावाचे नाव, रिठाचे नाव, नदी-नाल्याचे नाव, खापरांचा रंग, विटेची लांबी-रुंदी-जाडी, वडीलधाऱ्यांनी सांगितलेली कथा, एवढे एका वहीत उतरविले तरी पुष्कळ झाले. शेतात तांब्याचा पत्रा, नाणी अगर मूर्ती मिळाली तर ती मोडीत न घालता तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्याने तसे करणे आपले कर्तव्यही आहे.

मांडुकिग्रामाचे मांडगाव ओळखता आले, कारण गावकऱ्यांनी नाव टाकले नाही आणि मिराशींनी ते नकाशावर शोधले. नाव जपणारा आणि नाव शोधणारा, असे दोघे लागतात. आपल्या महाविद्यालयात हे दोघेही एकाच बाकावर बसलेले आहेत. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाताना प्रत्येकाने एक कोरी वही बरोबर न्यावी, आणि सुटी संपल्यावर ती इतिहास विभागात आणून द्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिली वही पवनार परिसराची. ती मी लिहावयास घेतली आहे.